मोठ्या आवाजाची घरं

मी रागीट आहे, हे आधीच सांगून टाकते. ऑगस्टमधल्या एका सकाळी मी नववीतल्या एका मुलीला वर्गाबाहेर उभं केलं, तिच्या डायरीत लाल पेनाने चार ओळी खरडल्या, आणि त्या चार ओळींपायी तिची शाळाच सुटायची वेळ आली. चूक माझी होती. ती निस्तरायला मला एप्रिल उजाडला.

आमची शाळा सुरतेत, लिंबायतच्या बाजूला, मराठी माध्यमाची. मी अकरा महिन्यांच्या करारावर लागले होते. वय सव्वीस, नववीला गणित आणि विज्ञान. पोरं मला कुणी बाई म्हणायची, कुणी टीचर, आणि घाईत असली की गुजराती सवयीने बेन. मी तिन्हींना ओ द्यायची. वर्गातली बहुतेक पोरं खानदेशातली. म्हणजे जन्म इथलाच, पण आईबाप धुळे-नंदुरबारकडून कामासाठी आलेले. घरात अहिराणी, रस्त्यावर हिंदी-गुजराती आणि माझ्यासमोर पुस्तकातली मराठी, अशी त्यांची तीन तोंडं. मीही त्यांच्यातलीच. माझ्या वडिलांचं आयुष्य लूमवर, कापड विणायच्या यंत्रावर, गेलं.

लूमच्या कारखान्यात ज्याने कधी पाऊल टाकलं नाही त्याला तो आवाज सांगून कळायचा नाही. शंभरएक यंत्रं एकदम खडखडत असतात आणि माणूस शेजारी उभा राहून ओरडला तरी ऐकू येत नाही. म्हणून तिथली माणसं ओठांनी आणि हातांनी बोलतात. दोन बोटं ओठांशी नेली की चहा, डोक्यावर पंजा ठेवला की शेठ आला, चिमटीने हवेत धागा ओढला की तार तुटली. ही माणसं घरी आली तरी सवय सुटत नाही. आमच्या घरी वडील अजूनही पाणी मागताना अंगठा तोंडाकडे नेतात, आणि बोलायला लागले की चाळीतली चार दारं उघडतात. लहानपणी मला वाटायचं, सगळीच घरं अशी असतात.

तर ती मुलगी. हजेरीत तिचा नंबर एकवीस, शेवटून दुसऱ्या बाकावर, खिडकीकडची. त्या दिवशी मी फळ्यावर समीकरण सोडवत होते आणि लिहिता लिहिताच समजावून सांगत होते. मग वळून विचारलं, "एकवीस नंबर, पुढची पायरी काय?" ती शेजारणीच्या वहीत डोकं घालून बसलेली. दुसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं. शेजारणीने कोपर मारलं तेव्हा कुठे बाईसाहेब उठल्या, आणि माझ्याकडे बघून चक्क हसल्या. त्या आठवड्यात हे तिसऱ्यांदा होत होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी काय इथे तमाशा करायला उभी आहे का?" म्हटलं. ती हसतेच आहे! दिली बाहेर काढून. डायरीत लिहिलं, 'वर्गात लक्ष देत नाही. विचारलं की हसते. उद्धटपणा वाढला आहे. पालकांनी भेटावे.'

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता तिचे वडील आले. शहराबाहेरच्या सचिन वसाहतीत लूमवर रात्रपाळी करून थेट शाळेत. शर्टावर तेलाचे डाग, डोळे तांबारलेले, चपला दाराबाहेर काढून उभे. मी त्यांना खुर्ची दिली, तिच्या अगदी टोकावर बसले. मी तक्रारींचा पाढा वाचला. ते माझ्या तोंडाकडे बघत सगळं ऐकून घेत होते. मला वाटलं, आता पोरीला बोलावतील, दोन शब्द सुनावतील, माझं काम झालं. ते शांतपणे म्हणाले, "दाखला दी द्या, बाई."

"कसला दाखला?"

"शाळा सोडाना."

माणूस रागावलेलाही नव्हता. त्याचा हिशेब सरळ होता. पोरीचं शिक्षणात ध्यान नाही, वर बाईंना त्रास, मग कशाला? घरी बसेल, आईबरोबर साड्यांवर टिकल्या चिकटवेल, दोन-तीन वर्षांत लग्न. मोठ्या मुलीचंही तसंच झालं होतं. मी म्हटलं, "भाऊ, मी तुम्हाला तिला समजावायला बोलावलं, नाव काढायला नाही." त्यावर ते म्हणाले, "मी समजाडं, तुम्ही समजाडं. आते काय?" मग मी सरळ खोटं बोलले. क्लार्क रजेवर आहे, सत्राच्या मध्ये दाखला निघत नाही, दिवाळीपर्यंत थांबा. त्यांनी मान हलवली. "दिवाळीले लेसू," म्हणाले आणि झोपायला घरी गेले.

मी तशीच बसले. लाल पेन हातात धरताना काय रुबाब वाटला होता! आणि आता एका पोरीची शाळा माझ्या चार ओळींनी संपणार होती. आचार्यांकडे गेले. गुजरातेत हेडमास्तरांना आचार्य म्हणतात. ते म्हणाले, "अहो, नव्या आहात. दरवर्षी पाच-सहा पोरी अशाच जातात. मनाला लावून घेऊ नका." मला तेही सहन झालं नाही. रविवारी त्या मुलीचं घर शोधत गेले.

घर म्हणजे चाळीतली एक खोली आणि पुढे पत्र्याची पडवी. पडवीत तिची आई, काकू आणि ती स्वतः, मधे पसरलेली गुलाबी साडी आणि वाटीत चमकत्या टिकल्या. टीव्ही लागलेला, त्याच्यावर ताण करून तिघी बोलत होत्या. आणि ती! वर्गात तोंड न उघडणारी ती पोरगी इथे नुसती धबधबा. काकूची नक्कल करत होती, हातवारे करत होती, सगळ्यांना हसवत होती. मला बघून एकदम उठली, गोधडी झटकून पसरली, पाणी आणलं. माझं डोकं परत फिरलं. म्हटलं, बघा, म्हणजे शाळेतलं ते सोंग होतं तर! घरी एवढी जीभ चालते आणि माझ्यासमोर मुकी!

वडील आत झोपले होते. आई चहा करायला उठली. मुलगी पडवीच्या कोपऱ्यात मोरीशी बसून कप विसळायला लागली, आमच्याकडे पाठ. आईला साखरेचा डबा हवा होता. तिने तिला एकदा हाक मारली. पोरगी कप विसळतेच आहे. आईने दुसरी हाक मारलीच नाही. तिने जमिनीवर टाच आपटली, धप्प. पोरगी लगेच वळली, "काय?" आईने हातानेच डबा दाखवला. तिने दिला. माझ्याशी बोलणं मधे थांबवायचीही आईला गरज पडली नाही.

मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. खरं सांगते, काहीच नाही. आमच्या घरीही आई वडिलांना अशीच बोलवायची. टाच आपटायची, नाहीतर ताटावर पळी वाजवायची. चहा पिऊन होईपर्यंत आईने आणखी दोनदा टाच आपटली, आणि तिसऱ्या वेळी मी कप खाली ठेवला. अगं बाई! वडिलांना टाच आपटून बोलवायचं ते त्यांचे कान लूमने खाल्ले म्हणून. ही तर चौदा वर्षांची पोर आहे. हिला का?

ती मला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आली. दोन पावलं पुढे चालत होती. मी मागून साध्या आवाजात म्हटलं, "तुझी ओढणी लोंबतेय, बघ." ती चालतच राहिली. जरा मोठ्याने म्हटलं. चालतेच आहे. एक स्कूटर हॉर्न देत अंगावरून गेली तेव्हा मात्र ती झटकन बाजूला झाली, आणि वळून माझ्याकडे बघून तेच हसली. तिला न कळलेलं विचारलं गेलं की ती हसत होती. बिचारी दुसरं काय करणार होती?

तरी मला पक्कं करायचं होतं. सोमवारी वर्गात पोरांना गणित सोडवायला दिलं. मग सगळ्यांना म्हटलं, पेनं खाली ठेवा, माझ्याकडे बघा. मी फळ्यासमोर उभी राहिले आणि आवाज अजिबात न काढता, नुसते ओठ हलवून म्हटलं, 'एकवीस नंबर, उभी राहा.' पंचावन्न पोरं माझ्या तोंडाकडे बघत बसली. कुणी म्हणालं, "बाई, आवाज बसला का?" आणि शेवटून दुसऱ्या बाकावरची एकटी मुलगी उभी राहिली. वर्गात हशा पिकला. तिला कळेना, सगळे का हसतात. मी तिला बसायची खूण केली आणि डस्टर घेऊन उगाचच फळा पुसत राहिले, कारण माझे डोळे भरून आले होते आणि पोरांसमोर मला रडायचं नव्हतं.

नऊ वर्षं ती शाळेत येत होती. आठवीपर्यंत कुणाला नापास करत नाहीत, पुढे ढकलतात. वर्ग मोठे, शेजारणीची वही हाताशी, आणि बाई समोर तोंड करून बोलल्या तर ओठांवरून निम्मं कळायचं. माझ्या तासाला तिची निम्मी गणितं बरोबर आणि निम्मी कोरी का असायची, तेही मला तेव्हा उमगलं. पोरांकडे बघून सांगितलेलं तिला मिळायचं. फळ्याकडे वळून सांगितलेलं भिंतीला मिळायचं. आणि घरी कुणाला शंका येणार कशी? दुसऱ्या घरात आईबापांनी दोन वर्षांची असतानाच डॉक्टरकडे नेली असती. आमच्या घरांत सगळेच ओरडून बोलतात, सगळेच हातांनी बोलतात. त्यात ती बेमालूम मिसळून गेली होती. दुसऱ्यांना काय नावं ठेवू, मी त्याच घरात वाढलेली आणि मलाच तीन टाचा लागल्या.

त्याच दुपारी त्यांच्या घरी गेले. वडील रात्रपाळीला निघण्यापूर्वी उठून बसले होते. मी टाचेपासून ओठांपर्यंत सगळं दोघांना सांगितलं. त्यांचा चेहरा दगड झाला. "मन्ही पोर बहिरी नही," म्हणाले. "घरमा समदं ऐकस." मी समजावायला गेले तर त्यांनी मला गप्पच केलं. "लूमवर माणूसना कान जातस, बाई. ती कधी गयी लूमवर?" त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता. कान जातात ते लूमने जातात, दुसऱ्या कशाने जात नाहीत. मी आवाज चढवला, त्यांनी चढवला, चाळीतली दारं उघडली. शेवटी ते म्हणाले की चार लोकांत असं बोललं तर पोरीला कोण करून घेईल, आणि हात जोडले. मी हात टेकले आणि घरी आले.

दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत आई शाळेत आली. डोक्यावर तयार साड्यांचं गाठोडं, द्यायला जाता जाता वळलेली. गाठोडं खाली न ठेवताच म्हणाली, "बाई, दवाखान्यात कधी जायचं? त्यांची या आठवड्यातबी रातपाळीच आहे. सकाळी झोपलेले असतात." मग हळूच म्हणाली की पोरगी दोन वर्षांची असताना तिचा कान फार वाहायचा, गावाकडे सासूने तेल घातलं होतं, मग वाहायचा थांबला म्हणून बरं झालं असं सगळ्यांनी धरलं. "मी टाच आपटते, तुम्ही बोलल्या त्या दिवशी मले कळलं. रोज आपटते आणि मलाच ठाऊक नाही." तिथेच व्हरांड्यात ती रडली. मी तिच्या डोक्यावरचं गाठोडं उतरवून घेतलं. मग आम्ही दोघी बाकावर बसून दिवस ठरवला, चोरीची योजना आखावी तशा.

मोठ्या सरकारी दवाखान्यात कान तपासायची एक छोटी बंद खोली असते. कानावर हेडफोन लावतात, आवाज आला की बोट वर करायचं. आमची शहाणी तपासणाऱ्या बाईंच्या चेहऱ्याकडे बघून बोट वर करत होती. बाईंनी भुवई हलवली की बोट वर! बाई हुशार होत्या. त्यांनी हसून तिची खुर्ची भिंतीकडे फिरवली. मग काचेपलीकडून आम्ही दोघी बघत राहिलो. बाई यंत्राची खुंटी फिरवतायत, फिरवतायत, आणि तिचं बोट मांडीवरच. किती वेळ गेला देव जाणे. आई माझा हात दाबत होती. शेवटी एकदाचं बोट वर आलं, आणि आई "आलं!" म्हणून एवढ्या जोरात ओरडली की बाहेरचे पेशंट वळून बघायला लागले.

डॉक्टरांनी सांगितलं, पूर्ण बहिरी नाही. मोठे, जाडे आवाज येतात, बारीक येत नाहीत. दोन्ही कानांना मशीन लावलं तर शाळा नीट होईल. मशीन सरकारी शिबिरातून मिळणार होतं, पण अर्जावर वडिलांची सही हवी होती. झालं! आता त्यांना सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

ती सही कशी झाली ते मला आईने सांगितलं. त्यांच्यापुढे कागद ठेवला. अर्जाला तपासणीचा आलेख जोडलेला होता. वरून खाली उतरत गेलेल्या दोन रेघा. ते म्हणाले, "हाई काय शे?" आई काही बोलायच्या आत पोरगीच पुढे झाली. रेघेवर बोट ठेवून म्हणाली, इथपर्यंत मला येतं, इथून पुढे नाही. त्यांनी त्या रेघेवरून स्वतःचं बोट फिरवलं. मग विचारलं, "तुले मन्हा आवाज येस का?" ती म्हणाली, "तुमना येस ना. तुम्ही जोरमा बोलतस." त्यांनी सही केली. दोन अटी घातल्या. मशीन केसांखाली झाकलेलं पाहिजे, आणि नववी पास झाली तरच दहावी, नाहीतर दाखला. पुढच्या जूनला मी स्वतः त्या शाळेत असेन की नाही ते मला माहीत नव्हतं, आणि मी निरोप पाठवला की पास करून दाखवते.

मला वाटलं होतं, मशीन लागलं की संपली कटकट. कसलं काय! दिवाळीनंतर ती मशीन लावून आली आणि दोन तासांत कानांवर हात घेऊन बसली. पंख्याचा आवाज, बाकांचा आवाज, चपलांचा आवाज. "बाई, वहीचं पान उलटलं तरी आवाज होतो?" तिने मला विचारलं. मी हो म्हटलं. ती पान उलटून उलटून बघत बसली. पण बोलणं मात्र तिला त्या गोंगाटातून वेगळं काढता येईना. मशीन कानात कमी आणि कंपासपेटीत जास्त राहायला लागलं. मी चिडले. मी रागावले की ती केसांत हात घालून मशीन बंद करायची आणि शांतपणे माझ्याकडे बघायची. माझ्या ते आठवड्याने लक्षात आलं. आता यावर हसावं का रडावं! तपासणाऱ्या बाईंना जाऊन विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "कान उघडले, पण डोक्याला सवय व्हायला तीन-चार महिने लागतात. तिला वेळ द्या. आणि तुम्ही जरा सावकाश बोला." सावकाश बोलणं हे माझ्या खानदानात कुणी केलेलं नव्हतं, पण शिकले.

तिला पहिल्या बाकावर आणली. फळ्यावर लिहिताना तोंड बंद, मग वळून बोलायचं, असा नियम मी स्वतःला घालून घेतला. पहिले पंधरा दिवस सारखा मोडायचा. गंमत म्हणजे त्याने सगळ्याच पोरांना जास्त कळायला लागलं. शाळा सुटल्यावर अर्धा तास तिला घेऊन बसायची. आधी सातवी-आठवीचं राहिलेलं, मग नववीचं. अपूर्णांकांपासून सुरुवात होती, आणि मधेच मला धडकी भरायची की एप्रिलपर्यंत हे कसं पुरं होणार. तीही थकायची. एकदा वही मिटून म्हणाली, "राहू द्या बाई, टिकल्या मला चांगल्या जमतात." मी त्या दिवशी ओरडले नाही. म्हटलं, "जमतात ना, मग त्या हातांना त्रिकोणही जमेल." तिने वही उघडली.

जानेवारीत एकदा वेणी सुटली आणि मशीन दिसलं. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "ए ब्लूटूथ!" सगळा वर्ग खो खो. मी हात उगारून निघालेच होते, तेवढ्यात ती उठली आणि त्याच्याकडे वळून म्हणाली, "काल मैदानात तू खांबाजवळ उभा राहून कोणाबद्दल काय बोलत होतास ते सांगू का सगळ्यांना? मी इथून वाचलं." तो मुलगा असा लाल झाला की मला उगारलेला हात खाली घ्यावा लागला. त्या दिवसापासून वर्गात तिचा भाव वधारला. आचार्य काचेपलीकडे फोनवर बोलत असले की पोरं तिला खिडकीत उभी करायची, सुट्टी जाहीर होतेय का ते वाचायला. मी एकदा पकडलं. ओरडणार होते, पण आधी मीच विचारलं, "होतेय का?" ती म्हणाली, "नाही बाई, घरी कोथिंबीर आणायला सांगतायत."

एप्रिलमध्ये परीक्षा झाली. गणिताचा पेपर तपासताना गठ्ठ्यात तिचा पेपर आला तेव्हा मी तो बाजूला ठेवला आणि सगळ्यात शेवटी तपासला. पहिल्या दोन प्रश्नांत तिने घोळ घातला होता आणि माझा जीव खालीवर झाला. मग भूमिती आली, एकामागून एक बरोबर. मी बेरीज तीनदा केली. दुसऱ्या शिक्षिकेकडूनही करून घेतली, माझ्यावर माझाच विश्वास नव्हता म्हणून. पास होती. बाकीच्या विषयांतही. फार मोठे गुण नव्हते, पण पास होती.

निकालाच्या दिवशी सकाळी तिचे वडील आले. पाळीवरून आधी घरी जाऊन, अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून. पोरगी शेजारी उभी. मी निकालपत्र त्यांच्या हातात दिलं आणि त्यांच्या तोंडासमोर उभी राहून जोरात म्हटलं, "पास झाली, भाऊ! दहावीत गेली. आता दाखला मागायचा नाही."

त्यांनी 'नाही नाही' असा हात हलवला. निकालपत्राची नीट घडी घातली आणि पोरीला दिली. मला वाटलं, आता निघतील. पण ते उभेच. मी पुढच्या पालकांकडे वळले, परत बघते तर अजून उभे. पोरगीही गोंधळून त्यांच्याकडे बघत होती.

मग ते दोन पावलं पुढे आले. त्या मोठ्या आवाजाच्या माणसाने इकडेतिकडे बघून जमेल तेवढा आवाज खाली आणला.

"बाई, ती आते घरमा हळू बोलस," म्हणाले. "समदा तिनं बोलनं ऐकीसन हसतस. माले ऐकू येत नही." मग आपल्या कानाला हात लावला. "तठे मन्हा कान बी तपासतस का?"

मी मान हलवली. मग एक कागद घेतला, तपासणीचे वार आणि खोलीचा नंबर लिहिला, आणि पोरीला म्हटलं, "ह्यांना तू घेऊन जायचं." तिने कागद वाचला आणि दप्तरात, निकालपत्राच्या शेजारी ठेवला. मग वडिलांना हाताने खूण केली, चला, आणि दोघं फाटकाकडे निघाले.